बाण दाबला की अख्खं शीट पळतं, कर्सर मात्र जागेवरच: एक्सेलमधल्या नेहमीच्या तक्रारी आणि त्यांचे उपाय

मार्च लागला की मला येणारे फोन ठरलेले असतात. पतसंस्था, शाळेचं ऑफिस, हाउसिंग सोसायटी, कुणाचाही असो, पहिलं वाक्य एकच: "दादा, एक्सेल बिघडलंय." गेल्या कित्येक वर्षांत खरोखर बिघडलेलं एक्सेल मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकंच पाहिलं. बाकी वेळा कुठली तरी की नकळत दाबली गेलेली असते आणि शीट वेगळ्या अवस्थेत गेलेलं असतं. ती अवस्था ओळखता आली की अर्ध्या मिनिटात काम होतं. खाली लिहिलंय ते विंडोजवरच्या एक्सेलबद्दल आहे.

लक्षणं

आधी तुमची तक्रार यातली कुठली ते बघा.

बाणाची की दाबली की निवडलेल्या सेलभोवतीची हिरवी चौकट जागची हलत नाही, मागचं शीटच वरखाली सरकतं. चार-पाच वेळा दाबलं की चौकट पडद्याबाहेर जाते आणि आपण नेमके कुठे आहोत ते कळेनासं होतं.

नाव दुरुस्त करायला सेलवर डबल क्लिक केलं आणि समोर सगळं कोरं. डावीकडे ओळीचा आकडा दहा लाखांच्या घरात. या फोनवरचा आवाज रडवेला असतो: "सगळा डेटा उडाला हो!"

बाण दाबावा तशी सेलांची राखाडी पट्टी वाढतच जाते.

उजवीकडच्या नंबरपॅडवर ४ दाबला की आकडा उमटत नाही, चौकट डावीकडे सरकते.

माउसचं चाक फिरवूनही शीट ढिम्म. किंवा खाली जाता येतं, पण वरच्या काही ओळी काही केल्या दिसत नाहीत.

कंट्रोल धरून खालचा बाण दाबला तर यादीच्या शेवटी न जाता मध्येच कुठेतरी थांबतं. किंवा कंट्रोल आणि एन्ड दाबलं तर शेवटच्या नोंदीच्या कितीतरी खाली, ओसाड माळावर नेऊन सोडतं, आणि बाजूची सरकपट्टी मोहरीएवढी झालेली असते.

सगळ्यात आधी: हात वर घ्या आणि एस्केप दाबा

गोंधळ झाला की माणूस दहा की दाबतो. त्यातली एखादी चालू सेलमध्ये अक्षर टाकते आणि खरी रक्कम पुसली जाते. मूळ तक्रारीपेक्षा हे नुकसान मोठं. म्हणून एस्केप दोनदा दाबा. एस्केपने अर्धवट टाइप केलेलं रद्द होतं आणि सेलमधला जुना मजकूर राहतो. आधीच काही पुसलं गेलं असेल तर लगेच कंट्रोल आणि झेड. तोवर सेव्ह करू नका.

१. खालचा डावा कोपरा वाचा

पडद्याच्या तळाशी जी बारीक पट्टी असते तिच्या डाव्या टोकाला एक शब्द असतो. सहसा 'रेडी'. त्याच्या शेजारी 'स्क्रोल लॉक', 'एन्ड मोड', 'एक्स्टेंड सिलेक्शन' असं काही लिहिलेलं दिसलं तर तपास तिथेच संपला. शीट कुठल्या अवस्थेत आहे हे एक्सेल स्वतःच सांगत असतं, पण त्या कोपऱ्याकडे कुणी बघत नाही. म्हणून कुणाचाही फोन आला की माझा पहिला प्रश्न असतो, "खाली डावीकडे काय लिहिलंय ते वाचून दाखवा."

काहीच दिसत नसेल तर त्या पट्टीवर उजवं क्लिक करा. लांबलचक यादी उघडेल. त्यातल्या 'स्क्रोल लॉक', 'नम लॉक', 'एन्ड मोड' आणि 'सिलेक्शन मोड' यांच्यापुढे खूण असू द्या. हे काम एकदाच करावं लागतं, पुढे कायमची सोय होते.

२. स्क्रोल लॉक

शीट पळतं पण चौकट हलत नाही, या तक्रारीमागे जवळजवळ नेहमी हीच की असते. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पहिल्या पीसीच्या कीबोर्डवरही ती होती. बाणांनी चौकट न हलवता पडदा सरकवावा, यासाठी ती दिलेली. आता वर्ड किंवा ब्राउझर तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, एक्सेल मात्र अजून तिचं ऐकतं. त्यामुळे लोकांचा समज होतो की बाकी सगळं नीट चाललंय, म्हणजे बिघाड एक्सेलमध्येच आहे.

उपाय सोपा आहे. कीबोर्डवर वरच्या रांगेत, प्रिंट स्क्रीनच्या शेजारी ही की असते, ती एकदा दाबा. लॅपटॉपवर ती नसेल तर विंडोजची की, कंट्रोल आणि ओ एकदम दाबा. पडद्यावर कीबोर्ड येईल. त्याच्या उजव्या भागात स्क्रोल लॉकची आखूड नावाची की निळी किंवा उजळलेली दिसेल, तिच्यावर क्लिक करा. मग कंट्रोल आणि बॅकस्पेस दाबा, म्हणजे हरवलेली चौकट जिथे असेल तिथे पडदा परत येईल. ही शेवटची जोडी फारशी कुणाला माहीत नसते. मोठ्या शीटमध्ये मी ती दिवसातून वीस वेळा वापरतो.

पण बंद करून काम संपत नाही. ती चालू कशाने होते, ते शोधावं लागतं, नाहीतर आठ दिवसांनी पुन्हा फोन. एका पतसंस्थेत रोज दुपारनंतर हीच तक्रार यायची. सकाळी सगळं नीट. मी दोनदा जाऊन की दाबून आलो, चहा घेतला, परत आलो. तिसऱ्यांदा मुद्दाम दुपारी जाऊन बसलो. दोन वाजता तिथले भाऊसाहेब सभेची नोटीस मराठीत टाइप करायला बसले. त्यांच्या मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये इंग्रजी-मराठी बदलायला स्क्रोल लॉकच ठेवलेलं होतं! नोटीस झाली की ते एक्सेल उघडायचे आणि स्क्रोल लॉक तसंच चालू राहायचं. त्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये भाषा बदलायची की दुसरी ठेवली. फोन बंद झाले.

दुसरं कारण म्हणजे प्रिंट स्क्रीन. तिने पडद्याचा फोटो घेताना बोट शेजारच्या कीवर पडतं. तिसरं, एकाच कीबोर्डवर दोन कॉम्प्युटर चालवायचा डबा. अशा कित्येक डब्यांत स्क्रोल लॉक दोनदा दाबून मशिन बदलतात, आणि एखादा दाब कमी-जास्त झाला की ती चालूच राहते.

कॉम्प्युटर बंद करून सुरू केला की स्क्रोल लॉक सहसा बंदच असतं. त्यामुळे 'रीस्टार्ट केलं की बरं होतं' असं वाटतं. याच भ्रमात एकांनी दुकानात नेऊन मशिन फॉरमॅट करून आणलं. तीन दिवस ठीक चाललं, चौथ्या दिवशी पुन्हा तेच. फॉरमॅटचे पैसे वर गेले, आणि डेस्कटॉपवर ठेवलेली मागच्या वर्षीची फाईलही.

३. नम लॉक, एफ८ आणि एन्ड

नंबरपॅडवरच्या आकड्यांना दुसरंही काम असतं. नम लॉक बंद असलं की ४ म्हणजे डावा बाण, ६ उजवा, ८ वरचा, २ खालचा आणि ७ म्हणजे होम. आकडे उमटत नसतील तर नम लॉक एकदा दाबा.

राखाडी पट्टी वाढत असेल तर एफ८ दाबली गेलेली असते. कोपऱ्यात 'एक्स्टेंड सिलेक्शन' दिसेल. शिफ्ट धरून ठेवल्यासारखी ही अवस्था, एस्केपने जाते. 'एन्ड मोड' दिसत असेल तर एन्डची की परत एकदा दाबा, नाहीतर पुढचा बाण तुम्हाला थेट टोकाला नेईल.

४. डबल क्लिक सेलच्या काठावर पडलं का?

'डेटा उडाला' या फोनचं उत्तर इथे असतं. सेलच्या मध्यभागी माउस नेला की जाड पांढरी अधिकची खूण दिसते. तिथे डबल क्लिक केलं तर सेलमध्ये लिहिता येतं. पण निवडलेल्या सेलच्या बरोबर काठावर माउस गेला की चार टोकांचा बाण दिसतो. तिथे डबल क्लिक केलं की एक्सेल त्या दिशेला उडी मारतं. खालच्या काठावर केलं तर यादीच्या शेवटी, आणि तुम्ही आधीच शेवटच्या नोंदीवर असाल तर थेट शीटच्या तळाला.

तो तळ म्हणजे १०४८५७६ क्रमांकाची ओळ, आपल्या पद्धतीने १०,४८,५७६. एक्सेल २००७ पासून प्रत्येक शीटमध्ये इतक्या ओळी आणि १६,३८४ कॉलम असतात, शेवटचा कॉलम 'एक्सएफडी'. जुन्या पद्धतीची, म्हणजे नावाच्या शेवटी नुसतं 'एक्सएलएस' असलेली फाईल असेल तर तळ ६५,५३६ वर लागतो. यातला कुठलाही आकडा डावीकडे दिसला तर डेटा उडालेला नाही, तुम्ही विहिरीच्या तळाशी पोचला आहात इतकंच. कंट्रोल आणि होम दाबा, वर याल.

एक्सेलच्या ऑप्शन्समध्ये 'अॅडव्हान्स्ड'खाली सेल ओढून हलवायची सोय बंद केली की ही उडी बंद होते. पण त्याच खुणेवर सेलचा कोपरा धरून अनुक्रमांक खाली ओढायची सोय चालते, तीही जाते. मी ती खूण काढत नाही. त्याऐवजी सेल दुरुस्त करायला डबल क्लिकऐवजी एफ२ दाबायची सवय लावतो. शाळेतल्या एका मॅडमनी ही सवय आठवड्यात लावून घेतली.

५. कोपऱ्यात 'एन्टर' की 'एडिट'?

नाव लिहिताना मधलं एक अक्षर चुकलं, मागे जायला डावा बाण दाबला आणि चौकट थेट शेजारच्या सेलमध्ये गेली, असं नवख्यांचं हमखास होतं. रिकाम्या सेलमध्ये थेट टाइप करायला लागलं की कोपऱ्यात 'एन्टर' येतं. या अवस्थेत बाण म्हणजे 'लिहून झालं, पुढे चला'. एफ२ दाबलं की 'एडिट' होतं आणि बाण अक्षरांमधून फिरतो. आणि सूत्र लिहिताना कोपऱ्यात 'पॉइंट' दिसत असेल तर बाणाला हात लावू नका, प्रत्येक बाणाबरोबर सूत्रात भलत्याच सेलचा पत्ता शिरतो. एस्केप मारून नव्याने लिहिलेलं बरं.

नोंदी भरताना उजवीकडे जायला टॅब वापरा आणि ओळ संपली की एन्टर. जिथून टॅब सुरू केला त्याच कॉलमच्या पुढच्या ओळीत एक्सेल आपोआप जातं. मध्येच एकदा बाण किंवा माउस वापरला की ती आठवण पुसली जाते, मग 'एन्टर भलतीकडे नेतं' अशी तक्रार येते. तरीही भलतीकडेच जात असेल तर ऑप्शन्समध्ये 'अॅडव्हान्स्ड' उघडून सगळ्यात वरची एन्टरची दिशा बघा. कुणीतरी 'राइट' करून ठेवलेलं असतं.

६. कंट्रोल-बाण मध्येच का थांबतो?

कंट्रोल धरून बाण दाबला की चौकट भरलेल्या सेलांच्या टोकापर्यंत धावते आणि पहिल्या रिकाम्या सेलच्या आधी थांबते. मोबाइल नंबरच्या कॉलममध्ये चाळिसाव्या सभासदाचा नंबर नसेल तर थांबा तिथेच. म्हणून धावायला नेहमी अनुक्रमांकाचा कॉलम घ्या, तिथे भोकं नसतात. किंवा खालून वर या: सूत्रपट्टीच्या डावीकडे सेलचा पत्ता दाखवणारी छोटी चौकट असते, तीत 'ए१०४८५७६' टाइप करून एन्टर, मग कंट्रोल आणि वरचा बाण. मध्ये कितीही भोकं असली तरी शेवटची नोंद बरोबर सापडते. त्याच चौकटीत कुठलाही पत्ता टाकून थेट जाता येतं, माउस घासत बसायला नको.

याच्या उलटही होतं: सेल कोरा दिसतो, पण बाण तिथे थांबत नाही. मजकूर पुसायला डिलीट न दाबता स्पेसबार मारायची सवय अनेकांना असते. मग सेलमध्ये डोळ्यांना न दिसणारी मोकळी जागा बसते, आणि एक्सेलच्या लेखी तो सेल भरलेला. तपासायला तो कॉलम निवडा, एफ५ दाबा, 'स्पेशल'मध्ये 'ब्लँक्स' घ्या. जे कोरे दिसणारे सेल निवडले जात नाहीत, त्यांत काहीतरी आहे. सूत्र नसेल तर बहुधा स्पेसच. तिथे डिलीट दाबा.

७. फ्रीझ, फिल्टर आणि लपलेल्या ओळी

चाक फिरवूनही शीट हलत नसेल तर 'व्ह्यू'मध्ये 'फ्रीझ पेन्स' बघा. तुम्ही ज्या सेलवर असता त्याच्या वरच्या ओळी आणि डावीकडचे कॉलम फ्रीझमध्ये गोठतात. कुणी तिसाव्या ओळीवर बसून फ्रीझ केलं तर वरच्या एकोणतीस ओळी पडदा व्यापतात आणि सरकायला जागाच उरत नाही. मोठ्या मॉनिटरवर केलेली फाईल छोट्या लॅपटॉपवर उघडली, किंवा झूम वाढवला, की हे घडतं. वरच्या ओळी गायब असण्याचं कारणही बऱ्याचदा इथेच असतं: फ्रीझ करताना शीट खाली सरकवलेलं होतं आणि पडद्यावर नसलेल्या ओळी वर अडकून पडल्या.

'अनफ्रीझ' करा, अगदी वर जा, मथळ्याच्या खालच्या ओळीत आणि नावाच्या उजवीकडच्या कॉलममध्ये क्लिक करा, आणि मग पुन्हा फ्रीझ. फ्रीझ असताना कंट्रोल-होम तुम्हाला 'ए१'वर न नेता गोठलेल्या भागाच्या खालच्या पहिल्या सेलवर नेतं. तो बिघाड नाही.

ओळींचे आकडे निळे दिसत असतील तर फिल्टर लागलेला आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एल दाबा, सगळ्या ओळी परत येतात. आकडे काळेच आहेत पण १२ नंतर एकदम १९ येतो, तर मधल्या ओळी कुणी लपवल्यात. दोन्ही बाजूंचे आकडे धरून निवडा, उजवं क्लिक, 'अनहाइड'. पण आधी विचारा, मुद्दाम लपवल्या असतील.

८. खोटा शेवट

इथून पुढे हात जपून. फाईलची दुसरी प्रत काढा, मगच सुरुवात करा.

कंट्रोल-एन्ड जिथे नेतं तो एक्सेलच्या मते वापरलेला शेवटचा कोपरा. चारशे सभासद, पण कुणी हौसेने पाच हजार ओळींना चौकटी आखल्या, की कोपरा पाच हजारावर गेला. नुसतं डिलीट दाबून तो मागे येत नाही, कारण डिलीटने मजकूर जातो, चौकटी राहतात. फाईल फुगते, आणि चौकटी छापल्या जात असल्याने प्रिंटमध्ये नुसत्या रेघांची पानं येतात.

फिल्टर काढा. शेवटच्या नोंदीखालच्या ओळीच्या आकड्यावर क्लिक करून पूर्ण ओळ निवडा, कंट्रोल-शिफ्ट-खालचा बाण दाबा. निवड तळापर्यंत न जाता मध्येच थांबली तर थांबा! पहिल्या कॉलममध्ये खाली काहीतरी आहे, ते आधी बघा. बाकीच्या कॉलमांतही खाली एखादी बेरीज दडलेली नाही ना, तेही सरकून बघा. मग ओळीच्या आकड्यावर उजवं क्लिक करून 'डिलीट' घ्या. उजवीकडच्या जादा कॉलमांचंही तसंच करा, सेव्ह करा आणि कंट्रोल-एन्ड दाबून बघा. कुठल्या सूत्रात 'रेफ' अशी चूक दिसली तर पुसलेल्या ओळींवर ते सूत्र अवलंबून होतं. मूळ प्रतीकडे परत जा.

९. कीबोर्ड, सेफ मोड आणि एक जुनी खूण

चाकाने शीट सरकण्याऐवजी लहानमोठं होत असेल तर कंट्रोलची की अडकलीय. चहा सांडलेले कीबोर्ड हा प्रकार करतात. शेजारच्या टेबलावरचा कीबोर्ड लावून बघा, त्याला खर्च नाही.

तरीही बाण विचित्र वागत असतील तर कंट्रोल धरून एक्सेल सुरू करा. सेफ मोडमध्ये उघडायचं का, असं ते विचारेल. सेफ मोडमध्ये सगळं नीट चाललं तर कुठल्या तरी अॅड-इनची, म्हणजे एक्सेलला वरून जोडलेल्या प्रोग्रामची, करामत आहे.

शेवटची, क्वचित सापडणारी जागा: 'अॅडव्हान्स्ड'च्या अगदी तळाशी लोटसशी जुळवून घ्यायची खूण आहे. लोटस १-२-३ हा १९८३ चा प्रोग्राम, त्याच्या सवयी असलेल्यांसाठी ठेवलेली. 'ट्रान्झिशन नेव्हिगेशन कीज'पुढे खूण असली तर होमची की ओळीच्या सुरुवातीला न जाता 'ए१'ला जाते. काढून टाका. मी ही दोनदाच पाहिली.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

शीटला पासवर्ड असेल आणि काही सेलांवर चौकट जातच नसेल तर ती मुद्दाम घातलेली कुंपणं आहेत. इंटरनेटवरच्या युक्त्या वापरून पासवर्ड तोडत बसू नका. ज्याने फाईल केली त्याला विचारा, ऑडिटरकडून आलेली असेल तर ऑडिटरला.

फाईलच्या नावाच्या शेवटी 'एक्सएलएसएम' असेल तर आत मॅक्रो, म्हणजे फाईलमध्येच लिहिलेले छोटे प्रोग्राम, आहेत. तुम्ही किती दूर सरकू शकता, हेही मॅक्रोने बांधता येतं. ते काम मॅक्रो लिहिणाऱ्याचं.

कंट्रोल-होम दाबूनही शीट कोरंच असेल, खालच्या टॅबही तपासून झाल्या असतील, फिल्टर नसेल, तर सेव्ह न करता फाईल बंद करा. वनड्राइव्हवर ऑटोसेव्ह चालू असेल तर बदल आधीच सेव्ह झालेले असतात. मग फाईलचा 'व्हर्जन हिस्टरी' भाग उघडून आधीची प्रत शोधा. तीही सापडली नाही तर त्या मशिनवर दुसरं काही करू नका, आणि डेटा परत काढणाऱ्याला गाठा.

आणि एक्सेलच काय, नोटपॅडमध्येही कर्सर आपोआप पळत असेल, कीबोर्ड बदलूनही, तर प्रश्न मशिनचा आहे. हार्डवेअरवाल्याला गाठा. एक्सेलसाठी कुणालाही फोन करताना मात्र तीन गोष्टी जवळ ठेवा: खाली डाव्या कोपऱ्यात लिहिलेला शब्द, डावीकडे दिसणारा ओळीचा आकडा, आणि फाईलच्या नावातली शेवटची अक्षरं.